दर माणशी नऊशे नव्याण्णव, कर वेगळा

बाणेरला, पेट्रोल पंपामागच्या गल्लीत, दुसरा मजला,
खाली दातांचा दवाखाना.
दारातला मुलगा ओरडला, "इराश्शाईमासे!"
आणि आम्ही पाचही जणी कमरेत वाकलो,
जपानीत उत्तर दिलं, आदरार्थी क्रियापदासकट.
तो गोंधळला. छातीवर नाव होतं थांगबोई.
"मॅडम, मुझे बस इतना ही आता है."

तेवीस वर्षांपूर्वी कर्वे रोडवर,
सायकलच्या दुकानावरच्या खोलीत
सबनीस सरांनी आम्हाला जपानी शिकवली.
भाषा कमी, भात जास्त.
ओसाकाला सहा महिने राहून आलेले सर
खडू खाली ठेवून
दोन बोटं तळहातावर दाबून दाखवायचे,
"हातात एकजीव, तोंडात सुटा.
दाणा न् दाणा आपलं नाव सांगून विरघळतो."
मधल्या सुट्टीत आम्ही
डब्यातला भात तसाच दाबून बघायचो.
तो बोटांना चिकटायचा.

मग चाकणच्या कारखान्यांत
गॅस्केट, ब्रेकपॅड, आठ मिलिमीटरचे नट
यांची भाषांतरं करता करता चाळिशी ओलांडली.
ओसाका कुणीच पाहिलं नाही.

म्हणून सरांना मध्ये बसवलं. वय एक्क्याऐंशी, स्वेटर मे महिन्यातही.
भिंतीवर नियम: वेळ नव्वद मिनिटं.
ताटात उरलं तर नगाला पन्नास रुपये दंड.
साल्मन "आज संपला",
पण त्याच्या नावावर चिकटवलेल्या पट्टीचे
कोपरे काळे पडले होते.
आलं ते असं:
पनीर रोल, मका रोल, शेजवान रोल,
आंब्याच्या फोडीला पट्टा बांधलेला एक.
भात फ्रिजमधून नुकताच उठलेला,
नोरी म्हणजे वहीची ओली बांधणी.
वसाबीत मुळा होता.
मुळ्यावर आमचा राग नाही,
पण मुळ्यानं नाव लपवून येऊ नये.

विसाव्या मिनिटाला भूक मेली.
उरले पैसे, आणि सत्तर मिनिटं.
मृणाल हिशेब करत होती,
"अकरा झाले. अजून सात खाल्ले की वसूल."
आम्ही हप्ते फेडावेत तसे खात होतो.

सर मात्र एकेक नग डोळे मिटून.
मी विचारलं, "ओसाका आठवलं का, सर?"
त्यांनी काड्या खाली ठेवल्या,
नियमाप्रमाणे, टोकं डावीकडे.
"ओसाकाला मी सुशी नाही खाल्ली गं.
निघताना आईला शब्द दिला होता.
सहा महिने मेतकूट-भात.
रोज संध्याकाळी त्या दुकानाच्या काचेबाहेर
उभा राहायचो तेवढा.
म्हातारा बोटं कशी दाबतो, बघत.
चव मनानंच लावली."

कुणी बोललं नाही.
"लास्ट ऑर्डर, मॅडम," थांगबोई म्हणाला.
आधी हर्षदा हसली, मग सगळ्या,
खाली दातांच्या खुर्चीपर्यंत ऐकू जावं इतकं.
"आज पहिल्यांदाच," सर संकोचून म्हणाले.
"बरी आहे की. आंबटसर. दहीभाताच्या वळणाची."

चौदा नग उरले. सातशे रुपये.
हर्षदानं पर्स उघडली.
थांगबोईनं पाहिलं, आणि पाठ करून
ग्लास पुसत बसला. कोरडे ग्लास.

माझ्या वाट्याला सहा आले.
रात्री पट्टे सोलले, पनीर वेगळं काढलं,
मोहरी, हिंग, दोन मिरच्या, हळद.
फोडणीत भात हळूहळू सुटा झाला,
व्हिनेगर मात्र जागचं हललं नाही.
नवरा उठून आला. "काय जळतंय?"
"ओसाका," म्हटलं.
दोन घास त्यालाही दिले, कढईतूनच.
मीठ कमी आहे म्हणाला.